विजेचं वजन: शून्य की नगण्य?

मंडळी, या आठवड्यात कँटीनमध्ये एक झकास वाद झाला. टीममधल्या एका नवीन मुलाने चहा पिता पिता विचारलं, "फोन फुल चार्ज केला की जड होतो का रे?" लगेच तीन उत्तरं आली. एक जण म्हणाला, "होणारच ना, आत इलेक्ट्रॉन भरतात." दुसरी म्हणाली, "काहीतरीच काय! वीज म्हणजे एनर्जी, आणि एनर्जीला वजन नसतं." तिसरा थोडा वाचलेला. तो म्हणाला, "आईनस्टाईनप्रमाणे होतो, पण कुठल्याच काट्यावर कळणार नाही, सो इफेक्टिव्हली झीरो." मग मीटिंगची वेळ झाली आणि सगळे उठले.

माझं मत विचाराल तर पहिलं उत्तर चूक, दुसरंही चूक. तिसरं जवळजवळ बरोबर, पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते त्यातलं शेवटचं 'सो इफेक्टिव्हली झीरो'. का, ते सांगायला हा शनिवार खर्ची घालतोय. :)

आधी पहिलं उत्तर. यात दोष आपल्या भाषेचाही आहे. बॅटरी 'भरते', चार्ज 'संपतो', 'लाईट गेले', 'लाईट आले'. सगळं कसं पाण्याच्या टाकीसारखं. प्रत्यक्षात बॅटरीत इलेक्ट्रॉन भरले जात नाहीत. चार्ज करताना एका टोकाने जेवढे इलेक्ट्रॉन आत येतात तेवढेच दुसऱ्या टोकाने बाहेर जातात. चार्ज झालेल्या आणि उतरलेल्या फोनमधल्या इलेक्ट्रॉनांची संख्या सारखीच; फक्त आतल्या आत त्यांनी जागा बदललेल्या असतात. ५००० मिलिअँपिअर-अवरच्या बॅटरीत जागा बदलणारे इलेक्ट्रॉन एकत्र करून तोलले तर ०.१ मिलिग्रॅम भरतील. हे वजन खरं आहे, पण ते फोनच्या बाहेरून आलेलं नाही.

घरच्या विजेचं तर अजून गमतीदार. इस्त्री चालू आहे, पाच अँपिअर करंट जातोय, वायर दीड चौरस मिलिमीटरची. हिशोब केलात तर त्या तांब्यातले इलेक्ट्रॉन सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे झुलतात आणि झुलून झुलून सरकतात किती, तर मधल्या जागेपासून इकडे-तिकडे एक मिलिमीटरचा हजारावा भाग. थोडक्यात, महावितरण तुम्हाला एकही इलेक्ट्रॉन विकत नाही. तुमच्या वायरीत जे आहेत ते घर बांधल्या दिवसापासून तिथेच आहेत. बिल येतं ते त्यांना हलवल्याचं.

बरं, बॅटरीचं वजन बदलतच नाही का? बदलतं की, पण रसायनामुळे. श्रवणयंत्रात ती छोटी गोळीसारखी झिंक-एअर बॅटरी असते. आजीची बॅटरी बदलताना तिचा स्टिकर काढलाय का कधी? स्टिकर काढला की ती हवेतला ऑक्सिजन ओढायला लागते आणि जस्ताचं झिंक ऑक्साइड होत जातं. म्हणजे ही बॅटरी जशी उतरते तशी चक्क *जड* होते! उलट घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत बॅटरीवाला काचेची नळी बुडवून बघतो, त्या हायड्रोमीटरचा तरंगणारा भाग चार्ज बॅटरीत वर येतो, कारण आतलं ॲसिड दाट झालेलं असतं. पण ॲसिडला जे मिळालं ते प्लेटांनी दिलेलं असतं, एकूण बॅटरी तेवढ्याने जड होत नाही. यातलं काहीच विजेचं वजन नव्हे, तेव्हा हे बाजूला ठेवू.

आता इलेक्ट्रॉनला स्वतःला वजन आहे का? आहे. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने कॅथोड किरणांवरून दाखवून दिलं की विजेचे हे कण हायड्रोजनच्या अणूपेक्षा कितीतरी हलके आहेत. आज आपल्याला माहीत आहे की सुमारे १८३६ पट हलके. किलोत सांगायचं तर ९.१ ला एकावर एकतीस शून्यांनी भागा. हे नुसतं निर्वात नळीतलं कौतुक नाही. १९१६ मध्ये रिचर्ड टोलमन आणि डेल स्टुअर्ट यांनी साध्या तारेतल्या विजेचं जडत्व पकडलं, आणि तो प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी तारेचं एक वेटोळं गरागरा फिरवलं आणि खाडकन थांबवलं. पीएमपीच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे जातात ना, तसे तारेतले इलेक्ट्रॉन पुढे सरकले आणि क्षणभर करंट वाहिला. बॅटरी नाही, जनरेटर नाही, निव्वळ ब्रेक! त्या झटक्यावरून त्यांनी हिशोब मांडला तर धातूत वाहणारी चीज म्हणजे तेच थॉमसनचे कण निघाले.

तुमचं स्वतःचं वजन ७० किलो असेल तर त्यातले २० ग्रॅम निव्वळ इलेक्ट्रॉनांचे आहेत. म्हणजे सकाळी बाथरूममधल्या काट्यावर तुम्ही २० ग्रॅम 'वीज' तोलताच. मग एवढं सोपं असताना, चार्ज दिलेली वस्तू जड होते का हे सरळ काट्यावर का नाही बघता येत?

कारण विजेचा जोर गुरुत्वाकर्षणापेक्षा बेसुमार मोठा आहे. समजा पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या एका गोळ्याला एक मायक्रोकुलोंबचा दहावा भाग एवढा चार्ज दिला. जादा आलेल्या इलेक्ट्रॉनांचं वजन एका ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागाच्याही हजारावा हिस्सा. आणि गोळ्याच्या मध्यापासून दहा सेंटिमीटरवर काट्याची धातूची तबकडी असेल तर नुसत्या विद्युत आकर्षणाने तो गोळा सुमारे पाव ग्रॅम वजनाएवढा तिच्याकडे ओढला जाईल. काटा हलेल हो, पण जे दिसेल ते वजन नसेल. खऱ्या वजनाच्या चार कोटी गुणिले एक कोटी पट गडबड असेल ती.

याहून भारी उदाहरण हवंय? एक मोकळा इलेक्ट्रॉन घ्या. त्याला खाली ओढायला अख्खी पृथ्वी आहे. आता त्याच्या खाली पाच मीटरवर, म्हणजे साधारण दीड मजला खाली, फक्त एक दुसरा इलेक्ट्रॉन ठेवा. वरचा पडणार नाही. खालच्या एकट्याचं प्रतिकर्षण पृथ्वीला पुरून उरतं.

१९६७ मध्ये स्टॅनफर्डला फ्रेड विटबॉर्न आणि विल्यम फेअरबँक यांनी तरीही हट्टाने इलेक्ट्रॉन 'पाडून' बघितले. बाहेरच्या सगळ्या विद्युत क्षेत्रांपासून वाचवायला तांब्याची उभी नळी घेतली, द्रव हेलियमने थंडगार केली, आत इलेक्ट्रॉन सोडले. आणि निघालं काय, तर नळीत इलेक्ट्रॉनवर जोर जवळजवळ नाहीच. अपेक्षित वजनाच्या ९ टक्क्यांच्या आत. वजन गेलं कुठे? त्यांचं स्पष्टीकरण असं की नळीच्या भिंतीतले इलेक्ट्रॉन स्वतःच्या वजनाने किंचित खाली बसतात, त्यामुळे नळीत एक इवलंसं विद्युत क्षेत्र तयार होतं आणि ते आतल्या इलेक्ट्रॉनला बरोब्बर तोलून धरतं. यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण यातली गंमत बघा. काट्यावर वजन दिसलं नाही, कारण *काट्यातल्या* विजेलाही वजन होतं. या प्रयोगावरून कोणी 'इलेक्ट्रॉनचं वजन शून्य' असं म्हटलं असतं तर?

आता दुसऱ्या उत्तराकडे, 'एनर्जीला वजन नसतं'. हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात शाळेपासून बसलंय. जागा व्यापतं आणि वजन असतं ते द्रव्य. उष्णता, प्रकाश, वीज ही ऊर्जा, त्यांना वजन नाही. परीक्षेत दोन मार्क. १९०५ च्या सप्टेंबरमध्ये आईनस्टाईनने जो छोटासा पेपर पाठवला त्याचं शीर्षकच मुळी एक प्रश्न होतं: वस्तूचं जडत्व तिच्यातल्या ऊर्जेवर अवलंबून असतं का? उत्तर होतं, हो. आणि त्याला हे कागदावरच ठेवायचं नव्हतं. रेडियमच्या क्षारांवर हे तपासता येईल असं त्याने तिथेच सुचवलं होतं. २००५ मध्ये, बरोब्बर शंभर वर्षांनी, सिलिकॉन आणि सल्फरच्या अणुकेंद्रकांवर हे समीकरण थेट तपासलं गेलं आणि एक कोटीत चार भागांच्या अचूकतेने खरं उतरलं.

तर मग कॅल्क्युलेटर काढू. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने भागा: ४० नॅनोग्रॅम. युनिटला दहा रुपये धरले तर वीज पडते ग्रॅमला पंचवीस कोटी रुपये. सोनं त्या मानाने फुकट आहे.

तुमच्या फोनच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-अवर मावतात, म्हणजे पाऊण नॅनोग्रॅम. २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची, तिच्यात १.२ मायक्रोग्रॅम. मिठाचा एक बारीक कण ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास भरतो, त्याचा पन्नासावा हिस्सा. आणि त्यावर गाडी मुंबई-पुणे करते. कोयनेचा १९६० मेगावॅटचा अख्खा प्रकल्प दिवसभर पूर्ण क्षमतेने चालवला (तसा चालवत नाहीत, पण समजा) तर चोवीस तासांत २ ग्रॅमही वीज निघणार नाही. आणि आपला देश आता वर्षाला सतराशे अब्ज युनिटांच्या वर वीज तयार करतो. तिचं वजन ७० किलो. एक माणूस! भारताची वर्षभराची वीज लिफ्टमध्ये उभी राहिली तर शेजारी अजून पाच जणांना जागा उरेल.

आता तिसरं उत्तर. होतं वजन, पण मोजता येत नाही, म्हणून शून्य. फोनच्या बाबतीत 'मोजता येत नाही' हे शंभर टक्के खरं आहे. तुमच्या फोनने जागा अडवलेली हवाच ०.१ ग्रॅम असते. फोन मुंबईहून लोणावळ्याला नेलात की हवा विरळ होते आणि तिचा फोनला वर ढकलणारा जोर सुमारे ६ मिलिग्रॅमने कमी होतो. चार्जिंगच्या पाऊण नॅनोग्रॅमच्या तुलनेत ही ८० लाख पट गडबड. बोटांचा घाम, खिशातली धूळ, चार्ज होऊन कोमट झालेल्या फोनभोवती वर चढणारी हवा, हे सगळं वेगळंच. ज्या काट्यावर फोन ठेवता येतो अशा काट्यावर चार्जिंगचं वजन दिसणार नाही.

पण 'म्हणून शून्य' ही उडी चूक आहे, आणि ती आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांनी तरी मारू नये. २०० ग्रॅमच्या फोनमध्ये पाऊण नॅनोग्रॅम मिळवा. फ्लोटमध्ये केलंत तर उत्तर २०० च, बेरीज झालीच नाही असं वाटेल. तीच बेरीज डबलमध्ये करा, फरक दिसेल. मग फ्लोटवाल्याने 'चार्जचं वजन शून्य आहे' असं म्हणायचं का? त्याने एवढंच म्हणावं की माझ्या डेटा टाइपमध्ये ते मावत नाही.

आपल्याकडे यासाठी किती नेमका शब्द आहे बघा. नगण्य. न-गण्य, जे गणनेत धरू नये ते. नगण्य ठरवणारा कोणीतरी असतो, त्याचं काहीतरी काम असतं, त्या कामापुरतं तो एक आकडा सोडून देतो. त्यासाठी आकडा आधी माहीत असावा लागतो! शून्य मात्र कोणी ठरवायचं नसतं. ते निसर्गाबद्दलचं विधान आहे आणि त्याला पुरावा लागतो. आपण पहिल्याचं काम दुसऱ्याकडून करून घेतो आणि वर त्याला 'प्रॅक्टिकल' म्हणतो. पैशांच्या सॉफ्टवेअरमध्ये राउंडिंगचे जे बग निघतात त्यातले कितीतरी याच सवयीतून येतात. एका व्यवहारात नगण्य असलेला पैशाचा अंश कोणीतरी शून्य धरलेला असतो आणि व्यवहार एक कोटी होतात.

इतिहासात याचं देखणं उदाहरण आहे. अठराव्या शतकात उष्णता आणि वीज ही वजनरहित द्रवं मानत. जॉर्ज फोर्डाइस नावाच्या डॉक्टरने १७८५ मध्ये पाणी गोठल्यावर वजन वाढतं असा दावा केला. काउंट रम्फर्डने ते तपासायला घेतलं. दहा लाखांत एक भाग फरक ओळखणारा तराजू, त्या काळात कमाल चीज! फरक काहीच दिसला नाही, आणि १७९९ मध्ये त्याने जाहीर केलं की उष्णतेचं वजन शोधण्याचे सगळे प्रयत्न निष्फळच ठरतील. उष्णता हा द्रव नाही हा त्याचा निष्कर्ष पुढे अगदी बरोबर ठरला. पण पाणी गोठताना बाहेर पडणाऱ्या उष्णतेलाही वजन असतं, मूळ पाण्याच्या सत्तावीस हजार कोटींत एक भाग. रम्फर्डचा तराजू २ लाख ७० हजार पटींनी तोकडा होता. 'माझ्या तराजूवर दिसत नाही' इथे थांबला असता तर आजही त्याचं वाक्य जसंच्या तसं उभं राहिलं असतं.

उलट्या बाजूचा वेडेपणाही आहेच. २००० च्या दशकात एक आकडा खूप फिरला: सगळ्या इंटरनेटचं वजन ५० ग्रॅम, म्हणजे एका स्ट्रॉबेरीएवढं. डेटा वाहून नेणारे इलेक्ट्रॉन मोजायचे आणि त्यांचं वजन करायचं. अहो, पण ते इलेक्ट्रॉन डेटा नसतानाही त्या चिपमध्ये, त्या तारेत असतातच की! वाहतूक थांबली म्हणून रस्त्याचं डांबर हलकं होत नाही. त्यापेक्षा २०११ मध्ये बर्कलीच्या जॉन कुबियाटोविच या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी केलेला किंडलचा हिशोब सरस. ४ जीबीचा किंडल पुस्तकांनी पूर्ण भरला तर इलेक्ट्रॉन वाढत नाहीत, पण मेमरीत अडकवून ठेवलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वाढते, आणि तेवढ्याने वजन वाढतं एका ग्रॅमच्या अठरा शून्यंव्या भागाएवढं. बॅटरी चार्ज करण्याने होणारा फरक याच्या दहा कोटी पट. हे तर डबलमध्येही मावत नाही.

मग विजेच्या ऊर्जेचं वजन प्रत्यक्ष कोणी मोजलंय की सगळा कागदी हिशोब? मोजलंय. फक्त फोन घेऊन नाही, एकच अणू घेऊन. बॅटरीतली ऊर्जा म्हणजे शेवटी काय, तर अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलून साठवलेली ऊर्जा. २०२० मध्ये जर्मनीत हायडलबर्गच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या पेंटाट्रॅप नावाच्या यंत्रात रेनियमचा एक अणू, त्याचे २९ इलेक्ट्रॉन काढून, चुंबकीय क्षेत्रात अडकवला. तो आत गोल गोल फिरतो. जड असेल तर किंचित हळू. काही अणू नेहमीपेक्षा जरासे जड निघाले. त्यांच्यातले इलेक्ट्रॉन वेगळ्या, वरच्या ऊर्जेच्या मांडणीत टिकून राहिलेले होते. जादा ऊर्जा २०२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तिचं वजन एका इलेक्ट्रॉनच्या अडीच हजाराव्या हिश्श्याएवढं, म्हणजे सतरा टनी ट्रकवर तांदळाचा एक दाणा ठेवलाय की नाही हे ट्रक तोलून ओळखावं तसं. आणि हे त्यांनी हवेचा, घामाचा, धुळीचा प्रश्नच येणार नाही अशा जागी, वेग मोजून केलं.

तेव्हा त्या नवीन मुलाला माझं उत्तर असं: हो, पाऊण नॅनोग्रॅमने जड होतो, कुठल्याही दुकानातल्या काट्यासाठी नगण्य.

जाता जाता अजून एक. २० मे २०१९ पर्यंत जगातला किलो म्हणजे पॅरिसजवळ सेव्हरला ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा होता, आणि त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. त्या दिवसापासून किलोची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून होते आणि ती प्रत्यक्षात उतरवायचं एक मुख्य यंत्र म्हणजे किबल तराजू. त्याच्या एका बाजूला वजन असतं आणि दुसऱ्या बाजूला, वजनाच्या जागी, तारेच्या वेटोळ्यातून वाहणारी वीज.